ऑप्टिकल ड्राइव्हच्या लेखनगतीची व लेखनगुणवत्तेची चाचणी

ऑप्टिकल ड्राइव्हच्या लेखनगतीची व लेखनगुणवत्तेची चाचणी म्हणजे सीडी, डीव्हीडी किंवा ब्ल्यू-रे तबकडीवर माहिती लिहिणारे यंत्र ती किती वेगाने लिहिते आणि त्याने उमटवलेल्या खुणा किती नेमक्या असतात, हे मोजण्याची पद्धत होय. गती मोजणे तुलनेने सोपे आहे. गुणवत्ता मोजणे अवघड आहे, कारण तबकडीतील बहुतेक दोष ड्राइव्ह स्वतःच दुरुस्त करते आणि वापरकर्त्याला ते दिसत नाहीत. त्यामुळे आज विनाअडथळा उघडणारी तबकडी चांगली लिहिलेली आहेच, असे म्हणता येत नाही. दुरुस्तीची किती क्षमता आधीच खर्ची पडली आहे आणि किती शिल्लक आहे, हे शोधणे हा गुणवत्ता-चाचणीचा मुख्य हेतू असतो.

## पार्श्वभूमी

कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ मध्ये बाजारात आली. तिच्यावरील माहिती कारखान्यात साच्याने उमटवलेली असे. वापरकर्त्याला एकदाच लिहिता येईल अशा सीडी-आर तबकडीचे विनिर्देश फिलिप्स व सोनी यांच्या 'ऑरेंज बुक' या मानकात आहेत. पुढे १९९७ मध्ये डीव्हीडी-आर, २००२ मध्ये डीव्हीडी+आर आणि २००६ मध्ये ब्ल्यू-रे तबकड्या बाजारात आल्या.

कोऱ्या तबकडीत खळगे नसतात. एकदाच लिहिता येणाऱ्या सीडी-आर व डीव्हीडी-आर तबकड्यांत सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर आणि त्यामागे परावर्तक धातूचा थर असतो. लेखनाच्या वेळी तीव्र लेझर किरण रंगद्रव्याला तापवतो व तेथील परावर्तन बदलते. वाचताना हीच खूण खळग्यासारखी भासते. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या तबकड्यांत रंगद्रव्याऐवजी स्फटिकरूप व अस्फटिकरूप या दोन अवस्थांमध्ये बदलणारा मिश्रधातू असतो.

खुणांचा आकार अत्यंत सूक्ष्म असतो. सीडीवरील सर्पिल मार्गाच्या दोन लगतच्या वेढ्यांमधील अंतर १.६ मायक्रोमीटर, डीव्हीडीवर ०.७४ मायक्रोमीटर आणि ब्ल्यू-रे तबकडीवर ०.३२ मायक्रोमीटर असते. त्यासाठी अनुक्रमे ७८०, ६५० आणि ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचे लेझर वापरतात. खूण ठरलेल्या लांबीपेक्षा किंचित आखूड वा लांब पडली, तर वाचणारे यंत्र तिचा चुकीचा अर्थ लावू शकते. म्हणूनच लेखनाचा वेग, लेझरची शक्ती आणि तबकडीचा दर्जा या तिन्हींचा मेळ बसणे आवश्यक असते.

## लेखनगती

### गतीचे एकक

ड्राइव्हची गती 'पट' या एककात सांगतात. 'एकपट' गती प्रत्येक प्रकारच्या तबकडीसाठी वेगळी असते. त्यामुळे १६ पट डीव्हीडी ड्राइव्ह ही ५२ पट सीडी ड्राइव्हपेक्षा मंद आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

| तबकडी | एकपट गती (प्रतिसेकंद) | क्षमता | एकपट गतीने पूर्ण लेखन |
|---|---|---|---|
| सीडी-आर | १५० किलोबाइट | ७०० मेगाबाइट | ८० मिनिटे |
| डीव्हीडी (एक थर) | १.३८५ मेगाबाइट | ४.७ गिगाबाइट | सुमारे ५७ मिनिटे |
| ब्ल्यू-रे (एक थर) | ४.५ मेगाबाइट | २५ गिगाबाइट | सुमारे ९३ मिनिटे |

या हिशेबाने ५२ पट सीडी लेखनात सेकंदाला सुमारे ७.८ मेगाबाइट, तर १६ पट डीव्हीडी लेखनात सुमारे २२ मेगाबाइट माहिती लिहिली जाते.

### वेग राखण्याच्या पद्धती

तबकडीवरील लेखन आतून बाहेर, म्हणजे मध्याजवळून कडेकडे होते. कडेचा वेढा आतल्या वेढ्यापेक्षा जवळजवळ अडीचपट लांब असतो. त्यामुळे वेग राखण्याच्या वेगवेगळ्या पद्धती प्रचारात आल्या.

* स्थिर रेषीय वेग: लेझरखालून सरकणाऱ्या मार्गाचा वेग कायम राहतो. त्यासाठी लेखन बाहेर सरकेल तसे तबकडीचे फिरणे मंद केले जाते. मूळ सीडी याच पद्धतीने चालते. एकपट गतीला ती आतल्या बाजूस मिनिटाला सुमारे ५०० आणि कडेला सुमारे २०० फेरे घेते.
* स्थिर कोनीय वेग: फेऱ्यांचा वेग कायम राहतो, त्यामुळे कडेकडे जाताना लेखनगती वाढत जाते.
* विभागशः स्थिर रेषीय वेग: तबकडीचे काही पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्यात एकच गती ठेवली जाते व पुढील पट्ट्यात ती वाढवली जाते.
* अंशतः स्थिर कोनीय वेग: आरंभी गती वाढत जाते आणि ठरलेली मर्यादा गाठल्यावर स्थिर राहते.

ड्राइव्हच्या खोक्यावर छापलेली गती ही बहुधा कमाल गती असते. स्थिर कोनीय वेगाने चालणारी १६ पट डीव्हीडी ड्राइव्ह आतल्या बाजूस सुमारे साडेसहा पट गतीने सुरुवात करते आणि १६ पट गती केवळ कडेला गाठते. या पद्धतीत संपूर्ण तबकडीची सरासरी ही आरंभीच्या व शेवटच्या गतीच्या मध्यावर येते. येथे ती सुमारे ११ पट होते. म्हणून लेखनाला ५७ भागिले १६, म्हणजे साडेतीन मिनिटे न लागता किमान पाच मिनिटे लागतात. आरंभीचा व समाप्तीचा विभाग लिहिण्याचा वेळ त्यात आणखी मिळवावा लागतो.

सीडीच्या ५२ पट गतीला तबकडी मिनिटाला सुमारे १० हजार फेरे घेते. याहून अधिक वेगात पॉलिकार्बोनेटची तबकडी थरथरते व क्वचित फुटण्याचाही धोका असतो. त्यामुळे सीडी लेखनाची गती ५२ पटीपाशी थांबली.

### गतीची चाचणी

गती मोजताना तबकडी पूर्ण भरेल इतकी माहिती लिहितात. अर्धवट भरलेल्या तबकडीवर कडेच्या भागाची परीक्षा होत नाही आणि सरासरीही फसवी येते. चाचणी-सॉफ्टवेअर आडव्या अक्षावर तबकडीवरील स्थान व उभ्या अक्षावर गती दाखवणारा आलेख काढते. आलेखाच्या आकारावरून वेग राखण्याची पद्धत ओळखता येते. सलग चढती रेषा स्थिर कोनीय वेगाची, तर पायऱ्यांसारखी रेषा विभागशः स्थिर रेषीय वेगाची निदर्शक असते.

आलेखात मध्येच गती कोसळलेली दिसल्यास दोष ड्राइव्हचाच असेल असे नाही. संगणकाकडून माहिती वेळेवर न पोहोचणे हे त्याचे नेहमीचे कारण असते. मंद हार्ड डिस्क, एकाच वेळी चालणारी इतर कामे किंवा अपुऱ्या क्षमतेची जोडणी यांमुळे असे घडते. उदाहरणार्थ, यूएसबी १.१ या जोडणीची कमाल क्षमता सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे १.५ मेगाबाइट आहे. तिच्यावरून डीव्हीडी एकपटीहून फारशा अधिक गतीने लिहिता येत नाही.

पूर्वी माहितीचा प्रवाह तुटला की लेखन तिथेच बंद पडे आणि तबकडी वाया जाई. सान्यो कंपनीने २००० च्या सुमारास आणलेल्या 'बर्न-प्रूफ' तंत्राने व तत्सम इतर तंत्रांनी लेखन थांबवून त्याच जागेपासून पुन्हा सुरू करणे शक्य झाले. मात्र अशा जोडाच्या ठिकाणी त्रुटी वाढू शकतात. म्हणून गतीचा आलेख आणि गुणवत्तेचा आलेख शेजारी ठेवून पाहणे उपयुक्त ठरते.

सीडी-आर व डीव्हीडी-आर तबकड्यांवर लेझरची शक्ती कमी ठेवून लटके लेखन करण्याची सोय आहे. त्यामुळे तबकडी खर्च न करता गती तपासता येते. डीव्हीडी+आर व ब्ल्यू-रे तबकड्यांना ही सोय नाही. लटक्या लेखनातून गुणवत्तेविषयी काहीही कळत नाही.

## लेखनगुणवत्ता

### त्रुटी-सुधारणेचे तत्त्व

जुन्या पोथीतील एखादे अक्षर पुसट झाले, तरी जाणता वाचक ते मागच्या-पुढच्या शब्दांवरून लावून घेतो. एकाच ओळीतील पुष्कळ अक्षरे गेली, तर मात्र त्यालाही हार मानावी लागते. तबकडीवरील त्रुटी-सुधारणा याच तत्त्वावर चालते. मूळ माहितीबरोबर गणिताने काढलेली जादा माहिती लिहिलेली असते आणि तिच्या आधारे चुकलेली किंवा हरवलेली बाइट पुन्हा मिळवली जाते. या तिन्ही प्रकारच्या तबकड्यांत रीड-सॉलोमन संकेतांचा वापर होतो.

पूर्णपणे निर्दोष लेखन असे व्यवहारात नसते. उत्तम तबकडीवरही काही त्रुटी असतातच. त्या दुरुस्तीच्या आवाक्यात आहेत तोवर माहिती अचूक मिळते. आवाक्याबाहेर गेल्या, की त्या ठिकाणची माहिती मिळेनाशी होते. या दोन अवस्थांमध्ये वापरकर्त्याला जाणवेल अशी पायरी क्वचितच असते. तबकडी काल उघडली आणि आज उघडत नाही, या अनुभवाचे कारण हेच आहे.

### सीडीवरील मोजमाप

सीडीवरील माहिती लहान चौकटींमध्ये विभागलेली असते. प्रत्येक चौकटीत २४ बाइट मूळ माहिती व ८ बाइट जादा माहिती असते. एकपट गतीला सेकंदाला अशा ७,३५० चौकटी वाचल्या जातात. सुधारणा दोन टप्प्यांत होते.

* सी१ त्रुटी: पहिल्या टप्प्यात आढळलेल्या त्रुटी. मानकानुसार सदोष चौकटींची संख्या १० सेकंदांच्या सरासरीने सेकंदाला २२० पेक्षा अधिक असू नये. हे प्रमाण सुमारे ३ टक्के होते.
* सी२ त्रुटी: पहिल्या टप्प्यात न सुटल्यामुळे दुसऱ्या टप्प्याकडे गेलेल्या त्रुटी. ताज्या लिहिलेल्या चांगल्या तबकडीवर त्या शून्य असाव्यात, अशी अपेक्षा असते.
* असुधार्य त्रुटी: दुसऱ्या टप्प्यातही न सुटलेल्या त्रुटी. ध्वनितबकडीत अशा जागी ड्राइव्ह आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाजाने पोकळी भरते. संगणकीय माहितीच्या सीडीवर यासाठी सुधारणेचा तिसरा थर असतो. तोही अपुरा पडल्यास फाइल वाचता येत नाही.

चौकटींमधील बाइट लांबवर विखरून लिहिलेल्या असतात. त्यामुळे मार्गाच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा सलग ओरखडाही दुरुस्त होऊ शकतो.

### डीव्हीडीवरील मोजमाप

डीव्हीडीवर १६ विभागांचा, म्हणजे ३२ किलोबाइट माहितीचा एक गट करतात. तो १९२ ओळी व १७२ स्तंभांच्या तक्त्याच्या रूपात मांडला जातो. प्रत्येक ओळीला १० आणि प्रत्येक स्तंभाला १६ जादा बाइट जोडल्यावर २०८ ओळी व १८२ स्तंभांचा तक्ता तयार होतो.

* पीआय त्रुटी: ज्या ओळीत किमान एक बाइट चुकलेली आहे, अशा ओळींची संख्या. सलग आठ गटांत मिळून ती २८० पेक्षा अधिक असू नये, अशी मर्यादा आहे.
* पीआय अपयश: ओळीतील जादा माहितीच्या आधारे पाचपर्यंत चुकीच्या बाइट दुरुस्त होतात. त्याहून अधिक चुका असलेली ओळ दुरुस्त होत नाही व स्तंभांच्या साहाय्यावर सोडावी लागते. अशा ओळींची संख्या एका गटात चारपेक्षा अधिक नसावी, हा चाचणीत पाळला जाणारा सर्वसाधारण निकष आहे.
* पीओ अपयश: स्तंभांच्या साहाय्यानेही गट दुरुस्त न होणे. याचा अर्थ माहिती गमावली असा होतो.

पीआय त्रुटींपेक्षा पीआय अपयशाचा आकडा अधिक महत्त्वाचा मानतात. सर्वत्र विखुरलेल्या शेकडो किरकोळ त्रुटी सहज सुटतात, परंतु एकाच गटात दाटलेली अपयशे तबकडीला मर्यादेजवळ नेतात.

ब्ल्यू-रे तबकडीवर ६४ किलोबाइटचा गट असतो आणि तेथे एलडीसी व बीआयएस या दोन संकेतांच्या त्रुटी मोजतात. बीआयएस हा संकेत सलग नुकसानीची जागा दाखवतो व एलडीसीला दुरुस्तीत साहाय्य करतो.

### जिटर

खुणेच्या कडा अपेक्षित क्षणापेक्षा किती मागे-पुढे येतात, याचे टक्क्यांतील माप म्हणजे जिटर. मानकांतील मर्यादा डीव्हीडीच्या प्रकारानुसार ८ ते ९ टक्क्यांच्या आसपास आहे. जिटर हे त्रुटीमागील कारणाचे माप आहे. त्रुटींची संख्या कमी, पण जिटर अधिक असलेली तबकडी एका ड्राइव्हवर व्यवस्थित चालून दुसऱ्या ड्राइव्हवर अडू शकते.

## गुणवत्तेवर परिणाम करणारे घटक

कोऱ्या तबकडीच्या खोबणीत तिच्या उत्पादकाची व प्रकाराची सांकेतिक ओळख आधीच कोरलेली असते. ड्राइव्ह ती वाचते आणि आपल्या फर्मवेअरमधील नोंदींतून त्या तबकडीसाठी योग्य अशी लेझर-स्पंदांची मांडणी निवडते. तबकडी अनोळखी असल्यास सर्वसाधारण मांडणी वापरली जाते आणि गुणवत्ता घसरू शकते. फर्मवेअर अद्ययावत केल्याने लेखन सुधारण्याचे कारण या नोंदींत असते. वेष्टनावरील छाप आणि तबकडीचा प्रत्यक्ष उत्पादक हे पुष्कळदा वेगळे असतात. म्हणून चाचणीत छापाबरोबर सांकेतिक ओळखही नोंदवावी लागते.

लेखनापूर्वी ड्राइव्ह तबकडीच्या आतल्या बाजूस राखून ठेवलेल्या जागेत वेगवेगळ्या शक्तीने खुणा उमटवून योग्य शक्ती ठरवते. काही ड्राइव्ह लेखन चालू असतानाही शक्तीत दुरुस्ती करतात.

गती जितकी कमी तितके लेखन चांगले, असा समज रूढ आहे. तो सर्वस्वी खरा नाही. रंगद्रव्य व स्पंदांची मांडणी ज्या गतीसाठी तयार केलेली असते, तिच्याहून फार मंद लेखनात खुणा जास्त तापून बिघडू शकतात. उलट कमाल गतीला कडेच्या भागात थरथर वाढते व त्रुटी चढतात. पुष्कळ वेळा मधली गती सर्वांत चांगली ठरते. विशिष्ट ड्राइव्ह व विशिष्ट तबकडी यांच्या जोडीसाठी ती कोणती, हे मात्र चाचणीनेच ठरते.

## चाचणीची कार्यपद्धती

सर्वसाधारण चाचणीचे टप्पे पुढीलप्रमाणे असतात.

1. ड्राइव्हचे फर्मवेअर, जोडणीचा प्रकार व तबकडीची सांकेतिक ओळख नोंदवणे.
2. एकाच वेष्टनातील काही तबकड्या घेऊन प्रत्येकीवर वेगळ्या गतीने, पण तीच माहिती काठोकाठ लिहिणे.
3. लेखनाचा एकूण वेळ, गतीचा आलेख व बफरची पातळी नोंदवणे.
4. लिहिलेली माहिती परत वाचून मूळ माहितीशी ताडून पाहणे.
5. वाचनगतीचा आलेख काढणे. निरोगी तबकडीची रेषा सलग चढते. वाचणे अवघड झालेल्या ठिकाणी ड्राइव्ह वेग कमी करते व रेषेत खाच पडते.
6. त्रुटी-मोजणी करणे. सर्व तबकड्यांसाठी तीच ड्राइव्ह व तीच वाचनगती ठेवणे आवश्यक असते.
7. शक्य असल्यास दुसऱ्या ड्राइव्हवर मोजणी करून पाहणे.

चौथा व सहावा टप्पा यांत नेहमी गल्लत होते. ताडणीत 'माहिती जुळते का' एवढेच कळते. दुरुस्तीची क्षमता जवळजवळ संपलेली तबकडीही या ताडणीत उत्तीर्ण होते. ती किती काठावर उत्तीर्ण झाली, हे केवळ त्रुटी-मोजणी सांगते.

## आलेखाचे वाचन

* संपूर्ण तबकडीभर त्रुटी सारख्याच अधिक असणे: लेझर-शक्ती वा स्पंदांची मांडणी न जुळणे, अथवा निकृष्ट तबकडी.
* कडेकडे त्रुटी चढत जाणे: अतिवेग, तबकडीचा वाकडेपणा किंवा कडेला रंगद्रव्याचा थर असमान असणे.
* ठरावीक ठिकाणी टोकदार उंचवटे: गतीचे पट्टे बदलण्याच्या जागा अथवा लेखन थांबून पुन्हा सुरू झालेल्या जागा.
* एखादाच उंच सुळका: धूळ, बोटाचा ठसा किंवा ओरखडा. तबकडी पुसून मोजणी पुन्हा करावी.
* पूर्वीच्या मोजणीपेक्षा त्रुटी स्पष्टपणे वाढणे: तबकडीचा ऱ्हास. अशा वेळी माहिती त्वरित दुसरीकडे हलवणे इष्ट.

## साधने

संगणकावरील चाचणीसाठी २००० नंतरच्या दशकात अनेक सॉफ्टवेअर प्रचारात आले. नीरो सीडी-डीव्हीडी स्पीड, लाइट-ऑन ड्राइव्हसाठीचे के-प्रोब, प्लेक्स्टर ड्राइव्हसाठीचे प्लेक्सटूल्स, ऑप्टी ड्राइव्ह कंट्रोल आणि लिनक्सवर चालणारे मुक्तस्रोत क्यूपीएक्सटूल ही त्यांपैकी प्रमुख होत. काही साधने शंभरपैकी एकच गुणांक देतात. सोयीचा असला, तरी तो आलेखाची जागा घेऊ शकत नाही. उद्योगक्षेत्रात तबकडी-परीक्षणासाठी प्रमाणित स्वतंत्र यंत्रे वापरली जातात.

## मर्यादा

घरगुती ड्राइव्ह हे प्रमाणित मापनयंत्र नव्हे. ती तबकडीबरोबर स्वतःच्या वाचनशक्तीचेही मोजमाप देत असते. म्हणून एकच तबकडी दोन ड्राइव्हवर वेगवेगळे आकडे दाखवते. मानकातील मर्यादा विशिष्ट संदर्भ-यंत्रावर, एकपट गतीसाठी ठरवलेल्या आहेत. घरगुती मोजणी त्याहून अधिक गतीने होते. त्यामुळे तिचे आकडे निरपेक्ष निर्णयापेक्षा तुलनेसाठी अधिक विश्वसनीय असतात. अनेक ड्राइव्ह त्रुटींची संख्या बाहेर कळवतच नाहीत व अशा ड्राइव्हवर गुणवत्ता-चाचणी करता येत नाही. शिवाय आजचा चांगला निकाल हे दीर्घायुष्याचे प्रमाणपत्र नसते. ऊन, उष्णता व आर्द्रता यांमुळे रंगद्रव्य आणि धातूचा थर पुढे बिघडू शकतात.

## महत्त्व

भारतात घरगुती समारंभांच्या चित्रफिती, संस्थांचे दप्तर आणि ध्वनिमुद्रणे दीर्घकाळ सीडी व डीव्हीडीवर जतन केली गेली. यांतील पुष्कळ सामग्रीची दुसरी प्रत नसते. भारतीय पुरावा अधिनियमात २००० साली समाविष्ट झालेल्या कलम ६५-ब मध्ये प्रकाशीय माध्यमावरील संगणकीय नोंदीचा उल्लेख होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही तो आहे. नव्या कायद्यातील प्रमाणपत्रात नोंदीचे हॅश मूल्य द्यावे लागते. त्यामुळे माहिती बदललेली नाही हे दाखवता येते, पण तबकडीच वाचता आली नाही तर हॅशचा उपयोग होत नाही.

दीर्घकालीन जतनासाठीच्या आयएसओ/आयईसी २९१२१ या आंतरराष्ट्रीय मानकात लेखनानंतरची पहिली चाचणी, ठरावीक काळाने फेरचाचणी आणि त्रुटी मर्यादेजवळ येण्यापूर्वी माहितीचे स्थलांतर, असा क्रम दिलेला आहे. पहिल्या चाचणीची नोंद ठेवलेली असेल, तरच पुढील मोजणीत ऱ्हास किती झाला हे कळू शकते.

ऑप्टिकल ड्राइव्ह आता बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये नसते. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्ल्यू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले. चांगल्या ड्राइव्ह व तबकड्या दुर्मिळ होत चालल्यामुळे नव्या लेखनाच्या परीक्षेपेक्षा, आधीच लिहिलेल्या तबकड्यांपैकी कोणत्या अगोदर वाचवाव्यात हे ठरवण्यासाठी या चाचणीचा उपयोग वाढला आहे.

## हे सुद्धा पहा

* कॉम्पॅक्ट डिस्क
* डीव्हीडी
* ब्ल्यू-रे डिस्क
* रीड-सॉलोमन संकेत
* डिजिटल जतन